बुटक्यांचे डोळे

आमच्या घरात गणपतीचे डोळे फक्त काका आखायचे. हा नियम कुणी भिंतीवर लिहून लावला नव्हता, की मला समोर बसवून सांगितला नव्हता. आधी बाबांचं ताट वाढायचं, कातरवेळी केस विंचरायचे नाहीत, तसाच हाही. काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. त्यांनी लग्न केलं नव्हतं, आमच्यातच राहायचे, आणि मालाड पूर्वेला आमच्या दोन खोल्यांना लागून जी पत्र्याची पडवी काढली होती तिच्यात त्यांची गणपतीची शाळा होती. कोकणात मूर्ती घडवायच्या जागेला शाळाच म्हणतात. कुडाळकडच्या गावी ती आजोबांची होती. काका मुंबईत आले ते एका कंपनीत नोकरीला, पण येताना शाळाही घेऊन आले. उन्हाळ्यात शाडूच्या गोण्या उतरल्या की माती तिंबल्याचा धपधप आवाज सुरू व्हायचा तो पार श्रावण संपेपर्यंत. पत्र्यावर कावळ्यांची नखं वाजत, आत काकांचा जुना रेडिओ खरखरत असे, आणि आई बांगडे तळायची ती मधलं दार घट्ट लोटून, कारण पलीकडे देव वाळत ठेवलेले असत. वास काही दार लोटल्याने थांबत नाही. पण दार लोटलं की आपल्याकडून रीत पाळली गेली, असा तिचा हिशेब होता.

मी त्या शाळेत सगळं करायचे. पितांबराचा पिवळा माझा, शेल्याचे काठ माझे, मुकुटावरचा सोनेरी माझा, उंदराच्या मिशासुद्धा माझ्याच. फक्त उंदराचे डोळे काकांचे. रंगवून झालेल्या, बिनडोळ्यांच्या मूर्ती खिडकीजवळच्या लांब फळीवर नेऊन ठेवायच्या, एवढंच आमचं काम. मग सुट्टीच्या दिवशी सकाळी अंघोळ करून, धूतवस्त्र नेसून काका त्या फळीसमोर बसायचे, खारीच्या केसांचा कुंचला काढायचे आणि एकेका देवाला नजर द्यायचे. त्यांच्यानंतर हे काम माझा मोठा भाऊ दिलीप करणार, असं सगळे धरून चालले होते. दिलीपला सरळ रेघ ओढता येत नव्हती. दर वर्षी काका त्याला जवळ बसवायचे, आणि दर वर्षी तो एखाद्या देवाच्या गालावर ओघळ पाडून क्रिकेटला पळायचा. तरीही दिलीपच. मी एकदा आईला विचारलं की मला का नाही. ती आवाज खाली आणून म्हणाली की आपण बायका, आणि पुढचं वाक्य तिने गिळलं. त्या चार दिवसांत पडवीत पाऊल टाकायचं नसे, ते तिला म्हणायचं असावं. मग उरलेल्या दिवसांत काय हरकत आहे, असं मी विचारल्यावर तिने माझ्यापुढे चवळीची जुडी टाकली आणि निवडायला सांगितली.

मी अकरावीत होते त्या वर्षी घरात बुटके आले. दिलीपचा कॉलेजातला मित्र नेल्सन मालाड पश्चिमेला, चर्चच्या मागच्या गल्लीत राहायचा. त्याचा कुणी नातेवाईक इंग्लंडहून येताना त्याच्यासाठी एक खेळ घेऊन आला होता. टेबलावर डोंगर-झाडं मांडायची, शिशाचं सैन्य उभं करायचं आणि फासे टाकून लढाई करायची. या खेळाचा दंडक असा की सैन्य ज्याचं त्याने जोडायचं आणि रंगवायचं. न रंगवलेलं सैन्य टेबलावर आणणं म्हणजे गबाळेपणा. नेल्सनच्या वाट्याला बुटक्यांची फौज होती आणि त्याला रंगकामाचा कंटाळा. तेव्हा आमचे दिलीपराव छाती पुढे काढून म्हणाले की आमच्या घरी पिढीजात रंगाचंच काम चालतं, दे इकडे. पुठ्ठ्याचा डबा घरी आला आणि दुसऱ्या दिवशी माझ्या मांडीवर आदळला. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हा माझा भाऊ.

मी डबा उघडला आणि माझी नियत फिरली, हे कबूल. जेमतेम बोटाच्या दोन पेरांएवढी ती माणसं. पोटापर्यंत दाढ्या, शिंगांच्या टोप्या, जाड नाकं, आणि त्या नाकांच्या दोन्ही बाजूंना मोहरीएवढे डोळ्यांचे उंचवटे. आईने डोकावून पाहिलं आणि विचारलं, "हे कोणाचे बापये हाडलंस?" बापये म्हणजे आमच्याकडे पुरुष. मनात माझं गणित मांडून झालं होतं. देवाचे डोळे मला कुणी देणार नाही. पण हे देव नव्हते. यांचे डोळे मी आखले तर कुणाचा विटाळ होणार? आणि इतक्या बारीक तोंडावर मला नजर साधली, तर काकांपुढे नेऊन ठेवायचं आणि म्हणायचं की आता यंदा घरगुती लहान मूर्तींचे तरी डोळे मला द्या. त्यापुढे दिलीप, नेल्सन आणि त्यांची लढाई गेली खड्ड्यात.

पण डोळ्यांपर्यंत पोचेपर्यंत माझ्या नाकी नऊ आले. हात वेगळे, कुऱ्हाडी वेगळ्या, ढाली वेगळ्या. साच्यातून निघताना राहिलेल्या शिवणी आधी कानशीने घासून काढायच्या होत्या. ते मला येत होतं, आमच्या मूर्तींनाही साच्याची शिवण असतेच. चिकटवणं मात्र येत नव्हतं. खळ लावली, पडली. सरस लावला, तोही पडला. शेवटी हार्डवेअरच्या दुकानातून दोन ट्यूबांचा गोंद आणला. दोन्ही सारखे मिसळून लावायचे आणि मग हात तसाच धरून बसायचं. धरून बसलं की माझं बोट बुटक्याला चिकटे आणि कुऱ्हाड जमिनीवर. म्हणून मी एका वाटीत तांदूळ घेतले आणि त्यांत बुटके कमरेपर्यंत खोचून ठेवले, म्हणजे गोंद वाळेपर्यंत हलणार नाहीत. संध्याकाळी आईला भाताला मूठभर तांदूळ कमी पडले. तिने बुटके उपटून ओट्यावर आडवे केले आणि वाटी पातेल्यात ओतली. रात्री जेवताना बाबा घास चावता चावता थांबले. त्यांनी तोंडात बोट घातलं आणि एक कुऱ्हाड काढून ताटाच्या कडेला ठेवली. "ह्या काय?" एवढंच म्हणाले. बाबा फार बोलायचे नाहीत, पण त्या दिवसापासून ते भात चिवडून खाऊ लागले. शिसं पोटात जाऊ नये हे आज शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. आईने काळजी केली ती बाबांच्या दाढेची.

रंगाचा छळ तर विचारूच नका. आमचे डिंकातले रंग शाडूवर कसे गुण्यागोविंदाने बसायचे. शिशावर लावले की थेंब होऊन घरंगळत, आणि वाळल्यावर नखाने अख्खं सोंग निघून येई. मग खिडकीच्या गजांना लावतात तो तांबडा ऑइलपेंट खालून लावून पाहिला. तो इतका जाड बसला की दाढीच्या बटा, नाकपुड्या, बोटं सगळं बुजलं आणि बुटक्यांची रताळी झाली. सगळे पुन्हा रॉकेलमध्ये बुडवले, जुन्या टूथब्रशने घासले, कानाकोपऱ्यातला रंग सुईने कोरून काढला. दमट दिवस, काही म्हणजे काही वाळत नव्हतं. दिलीप रोज येऊन विचारायचा, "काय गं, झालं की नाही अजून?" मी एकदा त्याला रॉकेलचा डबाच दाखवला. आता माझा भाचा हाच छंद करतो. त्याच्याकडे खालचा थर फवारायचे डबे आहेत, भिंगाचा दिवा आहे, आणि चिमटे तर सर्जनकडे नसतील इतके. माझ्या चेहऱ्यावर काय दिसतं कुणास ठाऊक, पण तो हल्ली सामान मांडून बसला की मी आले तर दार लावून घेतो.

अखेर तांबडा रंग टर्पेंटाइनमध्ये पाण्यासारखा पातळ करून एक हात दिला, आणि वरचे रंग धरायला लागले. दाढ्या कुणाची पिंगट, कुणाची पांढरी. चिलखतांवर आमचाच मुकुटाचा चंदेरी. आता कुंचला हवा होता. काकांच्या खारीच्या कुंचल्याला हात लावायची बिशाद नव्हती, आणि माझ्या वेणीचे केस म्हणजे काथ्या. शेजारच्या वहिनींच्या बाळाचं जावळ काढलं त्या दिवशी मी मुद्दाम पेढे वाटायला मदत करायला गेले. जावळ पाण्यात सोडायला नेण्याआधी त्यातली एक चिमूट माझ्या रुमालात आली होती. ते केस खराट्याच्या हिराला दोऱ्याने बांधले आणि टोक ओठांनी ओलं करून पाहिलं. सुईसारखं टोक. मग मी दुपार-दुपार पांढऱ्या वाटाण्यांवर डोळे आखत बसले. आधी नुसते टिपके यायचे, मग आलेले डोळे तिरळे, मग एक डोळा जागा आणि एक झोपलेला. आणि एका दुपारी वाटाणा माझ्याकडे बघायला लागला. तेव्हा माझ्या हाताला काय वाटलं ते मी शब्दांत सांगू शकत नाही, पण त्यानंतर आलेले सगळे वाटाणे बघत होते.

रविवारी संध्याकाळी नेल्सनकडे खेळ ठरला होता. शनिवारी सकाळी बुटके सगळे तयार होते, फक्त डोळे सोडून. डोळे शेवटी, ही शाळेचीच शिस्त माझ्या अंगात होती, आणि मला ते रविवारी सकाळच्या कोवळ्या उजेडात, अंघोळ करून, काकांसारखं बसून आखायचे होते. आतल्या खोलीत ठेवले तर आई पुन्हा कशात तरी ओतेल म्हणून मी ते खिडकीजवळच्या फळीवर ओळीने मांडले. वारा लागेल, उरलासुरला ओलावा जाईल. आणि मी कॉलेजला गेले.

परत आले तेव्हा काका पडवीत चहा पीत बसले होते. शनिवारी त्यांचा अर्धा दिवस असे. चेहऱ्यावर असं समाधान की पहिल्यांदा मला बरंच वाटलं. "बाय गो, झाले तुझे बापये," ते म्हणाले. "केवढे बारीक ते. डोळ्यांतसून पाणी इलां माझ्या." मी फळीकडे पाहिलं. सगळे बुटके माझ्याकडे बघत होते. लांबट, कमळाच्या पाकळीसारखे डोळे, वरची पापणी अर्धी मिटलेली, कोपऱ्यात लालसर रेघ, वर बाकदार भुवई. हातात कुऱ्हाडी, डोक्यावर शिंगं, आणि नजरेत इतकी माया की वाटलं आता हात वर करून माझं कल्याण चिंततील. इतक्या लहान जागेत असे डोळे दुसरं कुणीच आखू शकलं नसतं. एकही रेघ इकडची तिकडे नव्हती. त्यामुळेच मला जास्त चीड आली. चुकले असते तर भांडता तरी आलं असतं.

"कुणी सांगितलं होतं तुम्हाला?" मी म्हटलं. माझा आवाज एवढा चढला की आई हातातली पळी घेऊन बाहेर आली आणि काकांशी असं बोलतात का म्हणून माझ्यावरच कावली. काकांना खरोखरच समजलं नाही. त्यांनी कप खाली ठेवला, फळीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "फळीवर ठेवलंस म्हणान केलंय," ते म्हणाले. आणि त्यांच्या बाजूने ते बरोबरच होतं. त्या फळीवर बिनडोळ्यांचं जे येईल ते त्यांचं. इतक्या वर्षांत तिथे ठेवलेलं काही दुसऱ्या कुणाचं असू शकतं, हे त्यांना सुचण्याचं कारणच नव्हतं. उलट बिनडोळ्यांचं कुणाला ताटकळत ठेवू नये म्हणून बिचाऱ्यांनी जेवायच्या आधी बसून उरकलं होतं. एवढ्यात दिलीप आला. त्याने बुटके पाहून शिट्टी मारली आणि काकांचे पाय धरले. मी मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारत राहिले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, पण मला हात दाखवायलाही मिळाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी हट्टाने दिलीपबरोबर गेले. नेल्सनच्या आईने मला वाटीभर केळ्याच्या चकत्या दिल्या आणि खिडकीपाशी बसवलं. टेबलाभोवती चार मुलं होती. नेल्सनने एक बुटका उचलून नाकाशी धरला आणि हसत सुटला. "काय रे दिलप्या, हे मारणार की आशीर्वाद देणार?" बाकीचेही हसले, पण हातांत घेऊन उलटसुलट पाहायला लागले, आणि काम झकास आहे असं सगळ्यांचं एकमत झालं. दिलीप म्हणाला की घरचंच काम आहे, डोळे काकांचे. म्हणजे बाकीचं त्याचं, असं ज्याने त्याने समजून घ्यावं. मी म्हटलं की डोळे सोडून सगळं मी केलंय. एक मुलगा माझ्याकडे वळून "अरे वा" म्हणाला आणि त्याने फासे टाकले. मला खेळात घ्यायचं कुणाच्या मनातही आलं नाही. माझे बुटके मायेच्या डोळ्यांनी बघत बघत एकामागून एक मेले. निघताना मी नेल्सनकडे त्यातला एक मागितला, खाली पडून ज्याचं नाक चेपलं होतं तो. घेऊन जा, तो म्हणाला, त्याचा तसाही काही उपयोग नव्हता.

घरी आले ती थेट पडवीत गेले. चिंधीचं टोक पाण्यात बुडवून काकांनी आखलेले डोळे पुसले. खालचा थर निघू नये म्हणून श्वास रोखून पुसले. मग माझा जावळाचा कुंचला घेतला आणि खिडकीतल्या उरलेल्या उजेडात बसले. मला मायाबिया नको होती. भुवया नाकाकडे उतरत्या, डोळे बारीक, बुबुळं वर रोखलेली. वाटाण्यावर आखले होते त्याहून चांगले आले. बुटका असा बघत होता की समोरच्याने दोन पावलं मागे सरावं. रंग सुकल्यावर मी त्याला फळीवर, दोन रंगवलेल्या गणपतींच्या मध्ये, नेऊन उभा केला.

काका पडवीत आले तेव्हा त्यांची नजर आधी त्याच्यावरच गेली. त्यांनी त्याला उचललं, खिडकीशी नेलं, चष्मा कपाळावर सारून अगदी डोळ्यांजवळ धरलं. मी दाराला टेकून उभी होते.

"हो कोणार रागावलो?" त्यांनी विचारलं.

"तुमच्यावर," मी म्हटलं. "मला यांचे डोळे आखायचे होते. आणि गणपतीचेपण आखायचे आहेत."

काका हसले नाहीत, रागावलेही नाहीत. त्यांनी बुटका परत फळीवर ठेवला, नीट, तोंड माझ्याकडे करून. "डोळे बरे इलेत," ते म्हणाले. "हात तुझो थीर आसा." मी दार सोडून एक पाऊल पुढे आले. "पण रागावलेल्या माणसान देवाचे डोळे आखूचे नसतत. देव मग तसोच बघता. राग गेलो की ये माझ्याकडे."

हे कारण त्यांना तेव्हा सुचलं की पहिल्यापासून ते असंच मानत होते, हे मला आजही ठरवता आलेलं नाही. आईसारखं वाक्य गिळण्यापेक्षा त्यांनी ते दुसऱ्या वाटेने नेलं असेल. किंवा खरंच तसं असेल. त्यांचा एकही गणपती कधी कुणाकडे रोखून बघत नव्हता, हे मला मान्य करावं लागतं. पण त्या दिवसापासून मी अशा गाठीत सापडले की सुटायची सोय नाही. राग जायचा तर डोळे आखायला मिळायला हवे होते, आणि डोळे मिळायचे तर आधी राग जायला हवा होता. मी प्रयत्न केले. मी पितांबरं रंगवली, काठ रंगवले, उंदरांच्या मिशा ओढल्या, काकांनी न सांगताच त्यांना चहा करून दिला. दिलीपला काका पुन्हा जवळ बसवत आणि तो पुन्हा ओघळ पाडे, आणि मी ओल्या चिंधीने तो ओघळ पुसून देई, दात-ओठ खात.

चतुर्थी तोंडावर आली तेव्हा फळी गच्च भरली होती. काका पहाटेपासून बसले होते, आणि अजून लहान मूर्तींची अख्खी ओळ बाकी होती. मी अंघोळ करून, आईची धुतलेली साडी नेसून त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिले.

"काका, गेला राग," मी म्हटलं.

त्यांनी कुंचला वाटीवर आडवा ठेवला आणि माझ्याकडे वर पाहिलं. देवाकडे पाहायचे तसं, नीट, घाई न करता.

"नाय गेलो," ते म्हणाले, आणि पुढची मूर्ती ओढून घेतली.

खरंच नव्हता गेला.